पन्हळीच्या अलीकडे

आमच्या आप्पांना सहलीला नेणाऱ्या माणसाला सरकारने बक्षीस द्यायला हवं. मी दिपाली, त्यांची सख्खी मुलगी. सुरतेच्या नोकरीतून रजा काढून त्यांना आणि आईला युरोपात बोटीच्या सफरीला घेऊन गेले. बोट रोज सकाळी नव्या बंदराला लागायची, आपण उतरून गाव पाहायचं, संध्याकाळी पाचच्या आत परत. साधी गोष्ट. तिसऱ्या बंदरापर्यंत माझं डोकं पार आउट झालं होतं.

रूपचंदआप्पा प्रकाशा गावचे. केळी, कापूस आणि दर सोमवारी केदारेश्वर, एवढंच त्यांचं जग. महादेवाला प्रदक्षिणा अर्धीच घालतात; अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडायची नाही, आल्या वाटेनं मागं फिरायचं. हे ठीकच. पण जन्मभर तेच केल्यामुळे आप्पांच्या पायांना जगातली कुठलीही जुनी इमारत महादेवाचीच वाटते. भिंतीखालून पाणी आलं की आप्पा थांबले, आणि थांबले की वळलेच!

जेनोआला चर्चमागची बाग राहिली, कारण वाटेत दगडी नाली होती. पालेर्मोला कारंजं आडवं आलं. मार्सेलला तर एसीचं पाणी टपकत होतं.

"आप्पा, हाई एसीनं पानी शे!" मी ओरडले.

"कोठून यी ऱ्हायनं, तुले काय माहीत?" असं म्हणून ते फिरले, आणि त्यांच्यामागे आई.

आप्पा वळले की वळायचं, हे बेचाळीस वर्षांत आईच्या अंगवळणी पडलंय. खरं तर फुलझाडांचं वेड तिला. पण अंगणात तिनं काहीही लावलं की पुढच्या महिन्यात आप्पांनी तिथं मिरची टोचलेलीच. सफरीचं नाव काढलं तेव्हा तिनं मला एकच विचारलं होतं, "बगीचा दखाले भेटी ना?" मी हो म्हटलं होतं. ते 'हो' मला रोज संध्याकाळी टोचायचं.

शेवटचं बंदर स्पेनमधलं मालागा. टेकडीवर जुना किल्ला आणि आत बाग. आई कधी नव्हे ते आमच्या पुढे चढत होती. संत्र्याची झाडं दिसायला लागली, आणि नेमका बागेच्या तोंडाशी फरशीत कोरलेला वीतभर रुंद पाट! पाणी झुळझुळ वाहत होतं.

"चला मांगे," आप्पा म्हणाले.

"आप्पा, आठे कोठला महादेव?"

"जुनी जागा शे. पानी वलांडानं नही."

येणारेजाणारे आमच्याकडे बघायला लागले. मला रडू फुटायचंच बाकी होतं. आता ही बागही गेली.

आई पाण्याकडे बघत होती. मग तिनं खांद्यावरची पिशवी काढून आप्पांच्या हातात दिली, साडी जराशी वर धरली आणि पलीकडे पाय टाकला.

"तुम्हीन आठेच ऱ्हावा," ती म्हणाली. "मी दखी येस."

मीही तिच्यामागे गेले. दीड तास ती त्या बागेत फिरली. प्रत्येक फुलाजवळ वाकली, मातीत बोट खुपसून ओल पाहिली, बाकावर बसली, पुन्हा उठली. आप्पा पिशवी धरून पाटाच्या अलीकडेच उभे. दोनदा त्यांनी हाक मारली, "अवं, काय शे तठे?"

"या ना दखाले!" आई म्हणायची आणि पुढच्या झाडाकडे जायची. ते काही आले नाहीत.

त्या संध्याकाळी बोटीवर जेवताना आप्पा बराच वेळ ताटात चमचा फिरवत राहिले. शेवटी विचारलंच, "कसा व्हता बगीचा?"

आईनं शांतपणे पावाचा तुकडा मोडला.

"माले याद नही."

आणि जेवण झाल्यावर मला खोलीत नेऊन, दार लावून घेऊन, तिनं एकेका झाडाचं पान न् पान सांगितलं.