शेजारणीसाठी बोललेला नवस

तरुणपणी मी अतिशहाणी होते. विकास नगरमधल्या आमच्या ख्रिस्ती शेजारणीचा नवरा आजारी पडला, तर तिला न विचारता मीच गणपतीला मोदकांचा नवस बोलले. वर तिला ऐकवलंही, तुम्ही मागत नाही म्हणून मी मागितलं!

ती खरंच काही मागत नसे. "जैसी प्रभु की मर्ज़ी" हे तिचं पालुपद दूध तापवतानाही चाले. गॅसपासून मात्र हलायची नाही. नवऱ्याची औषधंही तशीच, वेळच्या वेळी. प्रार्थनेत 'तुझ्या हाती सोपवला' एवढंच.

तो गेला. आता कसले मोदक, म्हणून मी गप्प बसले. चतुर्थीला ती नारळ घेऊन दारात उभी.

"मोदक बना लीजिए, भाभीजी. न हमें अपने प्रभु से शिकायत है, न आपके गणपति से."