साय श्वास घेते

"गॅस बंद केला होता मी!" माझी नऊ वर्षांची लेक म्हणाली. उतू गेलेलं दूध ओट्यावरून ठिबकत होतं. तिला एडीएचडी आहे. प्रश्न संपायच्या आत घाबरलेलं उत्तर तोंडून निसटतं. त्यात डाव नसतो. झालेलं न झालेलं व्हावं, एवढीच धडपड असते.

ओरडणार होते, पण विचारलं, "बघत काय होतीस?"

"आई, साय श्वास घेते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पातेल्याशी उभ्या राहिलो. साय खरंच मधोमध फुगली, बसली, पुन्हा फुगली. इतकी वर्षं दूध तापवतेय, हे कधी दिसलंच नव्हतं! मी बघतच राहिले.

चर्र झालं.

"गेलं का गं उतू?" बाहेरून नवऱ्यानं विचारलं.

"नाही!" मी म्हणाले.

लेकीनं फडकं पुढे केलं.