हिकडंच

वैशाखरे गावात रस्त्यानं कुणी समोरून आलं की विचारायचं, "कुठं निघालास रे?" आणि ज्याला विचारलं त्यानं पाय न थांबवता म्हणायचं, "हिकडंच." मग तो खळ्यावर चाललेला असो, मुरबाडला कचेरीत चाललेला असो, नाहीतर ठरलेली सोयरीक मोडायला. उत्तर हेच. विचारणाराही ते धड ऐकत नाही. पण न विचारता कुणी पुढं गेलं, तर दोन दिवसांत घरी निरोप येतो, आमचं काही चुकलं का म्हणून.

भगीरथ हरड सत्तेचाळीस वर्षं असंच विचारत आणि सांगत आला होता. मग गावचा एक म्हातारा, जो दादरच्या एका जुन्या इमारतीत तीस वर्षं लिफ्ट चालवत होता, तो थकून परत आला आणि आपल्या जागी त्यानं भगीरथचं नाव सुचवलं. शेत धाकटा भाऊ सुनिल बघणार होता. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, सहा महिने बघू, काम नीट वाटलं तर कायम करू. जिन्याखाली एक खोली होती, ती राहायला मिळाली.

गावात सगळे हळहळले. हातचं शेत सोडून बिचारा पिंजऱ्यात उभा राहायला गेला, असं बायाबापड्या म्हणाल्या. बायको धोंडीबाई तर निघताना त्याच्याशी नीट बोललीसुद्धा नाही. खरी गोष्ट अशी होती, की भगीरथला मुंबई मनापासून आवडली. पण हे सांगायचं कुणाला? फोनवर धोंडीबाईनं कसं काय विचारलं की तो पडल्या आवाजात म्हणायचा, चाललंय. मजेत आहे म्हणावं, तर तिला वाटायचं घराची आठवण येत नाही.

गुरुवारी त्याला सुट्टी असे. त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा आणि समोर येईल त्या बसमध्ये बसायचा. पहिल्या वेळी कंडक्टरनं "कुठं?" विचारलं, तेव्हा भगीरथ सवयीनं म्हणून गेला, "हिकडंच." आजूबाजूची चार माणसं हसली. तेव्हापासून तो सरळ शेवटच्या स्टॉपचं तिकीट काढू लागला. वैशाखऱ्याहून एसटी कुठं जाते ते जन्मापासून ठाऊक, त्यामुळं कुठं पोचणार हे माहीत नसताना खिडकीशी बसणं हीच त्याला चैन वाटे. शेवटच्या स्टॉपला उतरायचं, चहा प्यायचा, त्याच बसनं परत यायचं.

दुसरी आवड समुद्राची. सगळे सूर्य मावळताना जातात, भगीरथ दुपारी जायचा. पाणी आत ओढलेलं असायचं तिथं एखादा दगड मनाशी धरून तो बसायचा आणि त्या दगडापर्यंत पाणी यायची वाट बघायचा. गावचं पाणी एकाच वाटेनं जातं, गेलेलं परत येत नाही. हे रोज जाऊन रोज परत येतं याचं त्याला नवल संपत नसे.

पण सगळ्यात आधी, सकाळीच, तो फुलबाजारात जायचा. तिथं खर्डीकडच्या पाड्यावरची लहानी पळसाच्या पानांचे गठ्ठे आणि आंब्याचे टहाळे घेऊन बसलेली असे. भगीरथला ना पानं हवी असत ना फुलं. तो नुसता तिच्या समोरून जायचा. लहानी मान वर न करता विचारायची, "कुठं निंगालास रं?" भगीरथ म्हणायचा, "हिकडंच." आणि पुढं जायचा. एवढ्या मोठ्या शहरात त्याला हे विचारणारं तेवढं एकच माणूस होतं.

लिफ्टमध्ये मात्र तो स्वतः सगळ्यांना विचारायचा. जाळीचं दार ओढायचा, बटण दाबायचा आणि खाली उतरणाऱ्या माणसाला म्हणायचा, "कुठं निघालात?" पहिल्या मजल्यावरचे आजोबा खुलून सगळं सांगायचे, बँक, दाताचा डॉक्टर, नातीची शाळा. काही जण कसनुसं हसायचे. इतकी खरीखुरी उत्तरं ऐकून भगीरथ गोंधळून जाई. ही माणसं फारच मोकळी आहेत, असा त्यानं अर्थ लावला.

सहावा महिना लागला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दिशाताईंनी लेखी तक्रार दिली. लिफ्टमन रोज कुठं जाता म्हणून विचारतो, नजर ठेवतो. दिशाताई पस्तिशीच्या, आईबरोबर राहणाऱ्या, रोज दहाच्या सुमाराला खांद्याला बॅग लावून निघणाऱ्या. सेक्रेटरींनी भगीरथला बोलावून कागद वाचून दाखवला. तुम्हाला लिफ्ट चालवायला ठेवलंय, चौकशा करायला नाही, असं म्हणाले. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ठरवू, तोवर आणखी एक शब्द कानावर आला तर गावाकडची गाडी धरा.

 नजर ठेवतो, हा शब्द भगीरथला फार लागला. गावी परत जायला त्याची ना नव्हती, पण असा डाग घेऊन जायचं, आणि बस, समुद्र, सगळं सोडून जायचं, या विचारानं त्यानं रात्रीचं ताट तसंच झाकून ठेवलं.

पुढचे पंधरा दिवस तो तोंड मिटून उभा राहिला. माणूस आत यायचा, तो बटण दाबायचा, माणूस बाहेर जायचा. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, बरं नाही का? भगीरथनं नुसती मान हलवली. न विचारता माणसाला जाऊ देताना, आपण त्याचा अपमान करतोय असं त्याला दर खेपेला वाटत होतं.

गुरुवारी त्यानं लहानीला सगळं सांगितलं. ती हसत सुटली.

"मंग तू त्यांना उत्तर नाय शिकवलंस?"

"कसलं उत्तर?"

"हिकडंच म्हनायचं, हे कुनी सांगितलंय त्यांना? तू इचारतोस, ती बिचारी खरंच सांगत बसतात. गाढवा, निस्तं इचारून कसं चालंल?"

 हे भगीरथच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिशाताई तिसऱ्या मजल्यावरून एकट्याच लिफ्टमध्ये शिरल्या. भगीरथनं दार ओढलं, पण बटण दाबलं नाही.

"ताई, एक सांगू का? माझी चूक झाली. पण मी ते उत्तरासाठी विचारत नव्हतो. आमच्याकडं विचारतात. आणि समोरच्यानं हिकडंच म्हणायचं असतं. कुठंबी जायचं असलं तरी."

"आणि खोटं असलं तर?"

"खोटं कसं होईल? हिकडंच म्हणजे लांब नाय. म्हणजे परत येणार."

दिशाताईंनी बॅगेचा पट्टा घट्ट धरला होता.  त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझी नोकरी गेलीय, भगीरथ. चार महिने झाले. आईला माहीत नाही. रोज निघते आणि वाचनालयात जाऊन बसते, अर्ज लिहिते. तुम्ही विचारायचात आणि मला सकाळी सकाळी ऑफिसला असं सांगावं लागायचं. घरी एकदा आणि इथं एकदा."

 भगीरथनं बटण दाबलं. लिफ्ट खाली आली, दिशाताई उतरल्या. तक्रारीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि त्यानंही विषय काढला नाही. त्यांच्या पोटातलं ऐकून घेतल्यावर वर आपलं मागणं कुठं मांडायचं, असं त्याला वाटलं.

महिन्याचा शेवटचा शनिवार आला. सकाळी नऊला सेक्रेटरी खाली येऊन निकाल सांगणार होते. आठ वाजताच फाटकातून धोंडीबाई आत आली. डोक्यावर गाठोडं, त्यात नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकवलेले बोंबील. पहाटेची एसटी धरून कल्याण, तिथून दादर, पत्ता विचारत विचारत. फोनवरच्या त्याच्या आवाजावरून तिनं ताडलं होतं, की माणसाला आत काहीतरी खातंय. भगीरथनं तिला आपल्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, मी वरच्या मजल्यावरून येईस्तोवर गप बस.

तो लिफ्ट घेऊन वर गेला. खाली येताना दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी आत आले, हातात तो तक्रारीचा कागद. दिशाताई तिसऱ्यावरून आधीच आत होत्या.  लिफ्ट तळाला लागली, भगीरथनं दार ओढलं, आणि समोरून धोंडीबाईनं प्रसन्न तोंडानं विचारलं, "काय वो, कुठं निंगालाव?"

 सेक्रेटरींनी चष्मा वर केला.

"ही कोण?"

"बायको माझी," भगीरथ कसाबसा म्हणाला. आता सगळं संपलं, हे त्याला कळून चुकलं होतं.

तेवढ्यात दिशाताई पुढं झाल्या. "हिकडंच, मावशी," त्या म्हणाल्या.

"या मंग," धोंडीबाई म्हणाली आणि गाठोड्याची गाठ सोडायला लागली.

सेक्रेटरी एकदा हिच्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघत राहिले. दिशाताईंनी त्यांच्या हातातला कागद अलगद घेतला, घडी करून बॅगेत टाकला. माझा गैरसमज झाला होता, एवढंच म्हणाल्या आणि फाटकाबाहेर गेल्या.  मग सेक्रेटरी खाकरून म्हणाले, पहिल्या तारखेपासून तुम्ही कायम, युनिफॉर्मचं माप द्या, आणि ते विचारणं जरा बेतानं.

धोंडीबाईला त्यातलं काही कळलं नाही. तिनं सेक्रेटरींकडे बघितलं. हा माणूस अजून उत्तर न देता उभाच आहे, हे तिला बरं दिसेना. तिनं पुन्हा विचारलं, "आन् तुमी?"

सेक्रेटरी बावरले. मग म्हणाले, हाडांच्या डॉक्टरांकडे. डावा गुडघा. दोन वर्षं झाली, जिना उतरताना कळ येते, सून म्हणते ऑपरेशन करा, पण भीती वाटते. चांगली पाच मिनिटं ते बोलत होते. आजवर ते भगीरथशी इतकं कधी बोलले नव्हते. मग घड्याळाकडे बघून घाईघाईनं निघून गेले.

धोंडीबाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

"ह्या मानसाचं डोकं ठिकानावर हाय ना?" तिनं काळजीनं नवऱ्याला विचारलं. "कुठं निंगालाव इचारलं, तर खरंच सांगत बसला."