कामिनीने वकील बदलला

कामिनीचा पहिला वकील तिने निवडला नव्हता. तो तिच्या वडिलांनी, जीवरामआबांनी ठरवला, आणि लग्नाला आचारी ठरवतात तसा ठरवला. आपल्या समाजाचा हवा, ओळखीतला हवा, घरच्यासारखा हवा. पहूरहून निघाले ते थेट जळगावला झुलालनानांच्या दारात. झुलालनाना वकिली करायचे आणि उरलेल्या वेळात समाजातली लग्नं जमवायचे. यातला उरलेला वेळ कोणता, ते त्यांच्या घरच्यांनाही सांगता आलं नसतं. कामिनीच्या लग्नातसुद्धा ते फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते, आणि भडगावच्या वरपक्षाने त्यांना वेगळा आहेर केला होता. आबांना हे त्यांचं मोठेपण वाटलं. कामिनीला तेव्हाच खटकलं. पण तिचं मनगट प्लास्टरमध्ये होतं, पदराला धरून सात वर्षांची पुनम उभी होती. अशा वेळी माणूस ज्या खुर्चीवर बसवाल तिथे बसतं.

मनगट भूपेंद्रने, तिच्या नवऱ्याने, दारात दाबून मोडलं होतं. बायकोने मोटारसायकलची किल्ली लपवली असं त्याला वाटलं. किल्ली त्याच्याच खिशात निघाली. त्यानंतर त्याने सॉरी म्हणायचं सोडून, "मग आधी बोलायला काय झालं होतं," असं तिलाच विचारलं. ते काही पहिलं वर्ष नव्हतं आणि पहिला मारही नव्हता.

"नाना, मला घटस्फोट पाहिजे," कामिनी म्हणाली.

"पाहिजे म्हणजे? दुकानात साखर पाहिजे म्हणतात तसं?" नाना आबांकडे बघून हसले. आबाही हसले.

"दुकानात मागितलं की देतात तरी," कामिनी म्हणाली. मग कुणी हसलं नाही.

नानांनी दावा दाखल केला, पण कुणाच्या तरी दहाव्याला जावं तशा चेहऱ्याने. भूपेंद्रने उलट दावा लावला की बायकोने नांदायला यावं. नांदायला ये म्हणणारा हा माणूस तिला न्यायला एकदाही पहूरला फिरकला नाही. पोरीच्या वाढदिवसाला फोन नाही. पण 'बायको नांदत नाही' एवढं त्याला गावात सांगता आलं पाहिजे होतं. 'बायको सोडून गेली' हे सांगायची लाज वाटत होती. एका शब्दाच्या अब्रूसाठी त्याने तिला कोर्टात अडकवून ठेवलं. कामिनी बी.ए. झालेली. तिने पहूरच्या एका कृषी केंद्रात काउंटरवर काम धरलं. कपाशीवर काय फवारायचं ते शेतकऱ्याला सांगायची, आणि ऐकलं नाही तर पीक गेल्यावर "सांगितलं होतं" म्हणायलाही कमी करायची नाही.

श्रावण आला आणि भडगावहून निरोप आला. कानबाई बसणार आहे, सुनेने यावं.

खानदेशातल्या माणसाला कानबाई काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की श्रावणातल्या एका रविवारी घराण्याची देवी बसते, भाऊबंद जमतात, आणि मोजून घेतलेल्या गव्हाचा रोट होतो. रोट म्हणजे त्या पिठाचा देवीचा प्रसाद. तो घराण्याबाहेर कुणाला द्यायचा नाही. लेक लग्न होऊन गेली की तिला माहेरचा रोट बंद. तिने सासरचा खायचा.

कामिनीने नानांना फोन लावला. "केस चालू आहे. जाऊ का?"

"देवीचं आहे. नाही म्हणू नये. केसचं मी बघतो."

"त्यांनी काही डाव केला तर?"

"अगं, आपलीच माणसं आहेत ती."

हे 'आपलीच' नानांनी कुणाच्या बाजूने म्हटलं, ते तिने विचारायला हवं होतं. नाही विचारलं. देवीला नाही म्हणायची हिंमत तिच्यातही नव्हती, हेही खरं. पुनमला घेऊन ती गेली.

आरतीच्या वेळी सासूने, मंजुळाबाईने, तिचा दंड धरून पुढे ओढलं. "जोडीने करा, जोडीने." तबक हातात कोंबलं. भूपेंद्र शेजारी येऊन उभा राहिला. नव्या शर्टाला अत्तराचा वास येत होता. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, हसा ना जरा." तिने वर पाहिलं आणि मोबाइल चमकले. आरती संपली तसा भूपेंद्र पाठ फिरवून बाहेर गेला.

मग पंगत. भाऊबंदांची पानं आत मांडली. पुनमला आजीने आत बसवलं. कामिनी पानावर बसायला गेली तर मंजुळाबाईने हात आडवा केला आणि मागच्या पडवीकडे बोट दाखवलं. तिथे शेजारच्या बायकांसाठी वेगळ्या गव्हाचा स्वयंपाक होता. कामिनीने पोळीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

पुनमने आतून विचारलं, "मम्मी का नाही आत?"

"तुनी माय आते आपली नही," आजी म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

माहेरचा रोट लग्नाच्या दिवशी बंद झाला होता, सासरचा त्या दुपारी बंद झाला. पहूरच्या एसटीत पुनम झोपली आणि कामिनी उपाशीपोटी खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत बसली. रडली नाही. रडण्यापेक्षा तिला राग आला होता, आणि राग तिने सांभाळून ठेवला.

थंडीत तारीख पडली तेव्हा भूपेंद्रच्या वकिलाने तो फोटो मोठा करून कोर्टापुढे ठेवला. जोडीने आरती, सून हसतमुख. म्हणणं असं, की मारहाण झाली असली तरी हिने ती माफ केली, घरी आली, देवीपुढे नवऱ्याशेजारी उभी राहिली. मग छळाचा मुद्दा राहिला कुठे? आणि कायद्यात माफ केलेल्या छळावर घटस्फोट मिळत नाही. कामिनीने नानांकडे पाहिलं. नाना चष्मा पुसत होते.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुम्हीच जा म्हणालात."

"जा म्हटलं. शेजारी उभी राहा म्हटलं का?"

"मला रोट दिला नाही, हे तुम्हाला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. ते का नाही बोललात?"

"असल्या बायकी गोष्टी कोर्टात सांगायच्या नसतात. आणि आता ऐक. फोटो अवघड आहे. समेट कर. मी भडगावला शब्द टाकतो."

सोबत आलेले आबा होकाराची मान हलवत होते. कामिनीला त्या क्षणी नाना पूर्ण कळले. त्यांना केस जिंकायचीही नव्हती, हरायचीही नव्हती. दोन्ही घरच्या लग्नपत्रिका आपल्याला येत राहाव्यात, एवढंच त्यांना हवं होतं.

"कागद द्या माझे. आणि वकील बदलायला हरकत नाही असं लिहून द्या."

"समाजात काय तोंड दाखवशील?" नाना म्हणाले.

"हेच. दुसरं नाही माझ्याकडे."

नानांनी आज-उद्या सुरू केलं. तेव्हा कामिनीने दुकानातून सुट्टी घेतली आणि सकाळीच त्यांच्या ऑफिसच्या बाकावर जाऊन बसली. पक्षकार यायचे, ती सरकून जागा द्यायची आणि विचारायची, "तुमचीही घटस्फोटाची का? माझी नानांकडेच आहे. काढून घ्यायला आले." एक बाई आपल्या भावाला घेऊन आली होती. ती सगळं ऐकून भावाकडे बघत राहिली आणि थोड्या वेळाने दोघं चहा प्यायला म्हणून गेले ते परत आले नाहीत. दुपारच्या आत नानांनी सही केली. फाइल हातात देताना म्हणाले, "तुझ्या बापाकडे बघून गप्प बसलो."

"बापाकडे बघूनच घोळ झाला," ती म्हणाली.

नवी वकील तिने स्वतः शोधली. किरणताई, माहेर धुळ्याचं, ना समाजाची ना नात्याची. स्वभाव असा, की पहिल्या भेटीत पाणीही विचारलं नाही. आबा सोबत आले होते. त्यांना बाहेर बसवलं.

"कानबाईला कुणी पाठवलं तुम्हाला?"

"वकिलांनी."

"आणि तुम्ही गेलात."

"देवीचं होतं."

"देवी येणार नाही तुमच्या बाजूने साक्ष द्यायला. त्या दिवशी काय झालं ते सगळं सांगा. रडायचं असेल तर आधी बाहेर जाऊन रडून या."

कामिनीने न रडता सांगितलं. पडवीपाशी आल्यावर किरणताईंनी पेन खाली ठेवलं.

"रोट दिला नाही? पोरीला दिला आणि तुम्हाला नाही?"

"नाही."

"सासू साक्षीला येणार आहे ना?"

"तीच मुख्य साक्षीदार आहे."

"बरं," किरणताई म्हणाल्या. "आता हे आपण कोर्टात काढणार, ते कुणाला बोलू नका. आबांनाही नाही. त्यांच्या पोटात राहायचं नाही."

मंजुळाबाई साक्षीला आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून. आपल्या वकिलाने विचारलं तसं सांगितलं: सून आली, आनंदाने आरती केली, आमच्या मनात काही नाही, आजही घर उघडं आहे. मग किरणताई उठल्या. फोटोचं नावही काढलं नाही. घराण्याच्या कानबाईचंच विचारलं, आणि तेही फार आदराने.

"तुमच्याकडे रोट कडक पाळतात म्हणे."

म्हातारीची मान ताठ झाली. "आमनाइतकं कडक कोनी नही पाळस."

"भाऊबंदांशिवाय कुणालाच नाही देत?"

"परक्याले? देवी कोपस."

"घरात येणंजाणं असलेल्यांना? शेजाऱ्यांना?"

"त्यासनं ताट न्यारं ऱ्हास. मागे."

"मग त्या दिवशी कामिनीने आत बसून रोट खाल्ला असेल. तुमची सूनच ती."

भूपेंद्रचा वकील अर्धवट उठला. भूपेंद्र मागून हो म्हण, हो म्हण अशी मान हलवायला लागला. मंजुळाबाईने मुलाकडे पाहिलं, त्याचा अर्थ तिला कळला, आणि ती चिडली. हो म्हणणं म्हणजे परक्या बाईला रोट चारला असं चारचौघांत, शपथेवर कबूल करणं. ते पोराच्या केससाठीसुद्धा तिच्याने होणार नव्हतं.

"तिले?" ती म्हणाली. "तिले रोट कसाले देसू मी? ती आमनी राहिनी का आते?"

न्यायाधीशांनी ते वाक्य तसंच लिहून घ्यायला सांगितलं.

"झालं माझं," किरणताई म्हणाल्या आणि बसल्या.

जिला घराने परकी ठरवून मागे बसवलं, तिने माफ करून संसार पुन्हा मांडला असं म्हणता येत नाही. एवढंच निकालात होतं, जरा लांबवून. घटस्फोट मिळाला. पुनम आईकडे राहिली. पायऱ्यांवर मंजुळाबाईने गाठलं.

"तुनी वकिलीननी माले फसाडं."

"तिने विचारलं फक्त," कामिनी म्हणाली. "मागे बसवलं तुम्हीच."

भूपेंद्र पलीकडे मोटारसायकलपाशी उभा राहून खिसे चाचपत होता. कामिनी न थांबता रिक्षात बसली.

पुन्हा श्रावण आला. पहूरला आबांच्या घरी कानबाई बसणार होती. आबा दोन दिवस अस्वस्थ होते. शेवटी जेवताना म्हणाले, "आता तू परत आमच्यात आली का नाही? रोट चालतो का तुले? भाऊबंदांना विचारावं लागेल. झुलालनानांना फोन लावून पाहतो, ते समाजाचं सगळं जाणतात."

"पुन्हा त्यांनाच?" कामिनी म्हणाली.

आबांनी फोन खाली ठेवला.

रविवारी आत पंगत बसली तेव्हा कामिनी मागच्या खोलीत गॅसवर शेवभाजी करत होती, तिखट, भरपूर तर्रीची. तिच्यासाठी आणि पुनमसाठी. पुनमलाही इथला रोट नव्हताच. ती भडगावच्या घराण्यातली. वास आत गेला असावा, कारण आबांनी दारातून डोकावून पाहिलं, घुटमळले आणि परत गेले.

"मम्मी, आबांनी मागितली तर?" पुनमने विचारलं.

"भाऊबंदांना विचारावं लागेल," कामिनी म्हणाली, आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.