बोलता येईल इतकंच पळा

सोफे दुरुस्त करणाऱ्याच्या तोंडात सदैव बारीक खिळे असतात. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातानं कापड ताणून धरायचं, मग खिळे ठेवणार कुठे? ओठांत. आपला हा सोफेवाला ऐन विशीपासून असंच काम करत आलेला, त्यामुळे न बोलणं त्याच्या अंगात मुरलं होतं. तोंडात खिळे नसले तरी 'हं' आणि 'बरं' या दोन शब्दांवर त्याचा दिवस निघायचा. बायकोनं सुरुवातीला भांडून पाहिलं, मग नाद सोडला.

एकदा एका गिऱ्हाइकाचा सोफा चौथ्या मजल्यावर पोचवायचा होता. लिफ्ट बंद. पुढून हमाल, मागून हा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर याची छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तो त्याच सोफ्यावर मटकन बसला. जिना अडला. वरून एक आजी उतरत होत्या. त्यांनी थोडी वाट पाहिली, मग त्याही शेजारी टेकल्या आणि हातानं गादी दाबत म्हणाल्या, "छान झालाय हो. मऊ आहे."

याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पन्नाशीही आली नाही आणि ही गत! त्यानं मनाशी ठरवलं, उद्यापासून पळायचं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो कुत्रं मागे लागल्यासारखा सुटला. बागेचं फाटक यायच्या आतच दिव्याच्या खांबाला मिठी मारून उभा राहिला. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही तेच. खांब तेवढा ओळखीचा झाला.

सासूबाई याच्याकडेच राहायच्या. उभा जन्म शाळेत खेळ शिकवण्यात गेलेला. गुडघा कुरकुरायला लागल्यापासून पळणं बंद होतं, पण सायकल सुटली नव्हती. गॅलरीतून त्या हा तमाशा रोज पाहत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"जावईबापू, कुणाचं काही चोरलंत का?"

"नाही."

"मग एवढं जीव खाऊन पळताय कशाला? दम असा वाढत नसतो. बोलता येईल इतकंच पळायचं. बोलणं तुटलं की चालायचं, श्वास बसला की पुन्हा पळायचं. उद्यापासून मी सायकलवर शेजारी असेन. तुम्ही बोलायचं."

"हं."

"हं चालणार नाही. अख्खी वाक्यं हवीत."

रात्रभर त्याला पळण्याची नाही, बोलण्याची धास्ती. सकाळी सासूबाई सायकलवर, हा बाजूला. बरंच अंतर गेल्यावर तो म्हणाला, "आज ऊन आहे." पुढच्या वळणावर म्हणाला, "काल पण होतं."

"अहो, हवामान खातं पुरे! दिवसभर दुकानात काय करता ते सांगा."

मग त्यानं घाबरत घाबरत सुरुवात केली. एका गृहस्थांनी दिवाणखान्यातला सोफा मुद्दाम टणक करून घेतला होता, पाहुणे लवकर उठावेत म्हणून. पाहुणे काही उठेनात; गृहस्थांचीच कंबर धरली. एका सोफ्याच्या पोटात कवळी निघाली. फोन केला तर त्या घरातले तिघंही म्हणाले, आमची नाही, आणि तिघंही एकेकटे येऊन ती तोंडात बसते का पाहून गेले. सासूबाई इतक्या हसल्या की सायकलसकट कुंपणाच्या झुडपात गेल्या. त्यानं त्यांना ओढून बाहेर काढलं, तरी त्यांचं हसू थांबेना.

थोडं पळणं, थोडं चालणं असं चालू राहिलं. हळूहळू चालणं कमी झालं, गोष्टी लांबल्या. मध्येच एकदा याच्या अंगात वारं शिरलं, एकटाच जाऊन सुसाट पळाला आणि नडग्या धरून घरी आला. सासूबाईंनी आठवडाभर बूटच कपाटात कुलूपबंद केले. तो लहान पोरासारखा रुसून बसला, पण पुन्हा घाई करायची नाही म्हणून त्यानं कानाला खडा लावला.

एके दिवशी त्यानं एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं सांगितलं. बायको गेली होती. सोफ्याचं कापड विटलं होतं, ते बदलायचं होतं. पण ती बसायची तिथला खड्डा तसाच ठेवा म्हणाले. "मग मी बाकी सगळं नवं भरलं," तो म्हणाला, "आणि तेवढ्या जागेला हातच लावला नाही."

सासूबाई एकदम ब्रेक दाबून म्हणाल्या, "जावईबापू, बागेला पूर्ण फेरी झाली. तुम्ही एकदाही चालला नाहीत."

त्यानं मागे वळून पाहिलं. खरंच की! आनंदानं त्याला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं सायकलची घंटा वाजवली.

घरी मात्र बायको फुगून बसली. "आईला कवळी ठाऊक, खड्डा ठाऊक. मी इतकी वर्षं 'हं' ऐकतेय!"

"तू पण चल ना," तो म्हणाला. चक्क अख्खं वाक्य! ती बूट घ्यायलाच निघाली.

पुढे गावात दहा किलोमीटरची शर्यत लागली तेव्हा दोघंही उतरली. सुरुवातीला सगळे भराभर पुढे गेले. ही दोघं आपली गप्पा मारत मागे. अर्ध्या वाटेवर जे धापा टाकत थांबले होते, ते यांच्या सोबतीनं पुन्हा चालू पडले, आणि ऐकता ऐकता पळायला लागले. कवळीची गोष्ट रंगात आली होती. एक बँकवाला दम खात विचारत होता, "पण कवळी होती कुणाची?"

"सांगतो, आधी चढ संपू दे."

चढ संपला, शर्यत संपली, गोष्ट काही संपेना. रेषेपलीकडे सगळा घोळका त्याच्याभोवती उभाच.

सासूबाई गर्दीतून वाट काढत आल्या. "शेवटून सातवे!" त्या ओरडल्या. "आणि धाप नाही, काही नाही! शाब्बास!"

बायकोनं पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली आणि लगेच काढून घेतली. "आधी सांगा, कुणाची होती?"