मिस्त्रीकाकांचं नाक

साठच्या दशकात नागपुरात यंत्रशास्त्राची जी काही प्रगती झाली, तिच्या मुळाशी मिस्त्रीकाकांचं नाक होतं. ते लांब आणि किंचित डावीकडे झुकलेलं होतं. याचं कारण विज्ञान नसून, लहानपणी विहिरीत चुकीच्या जागी मारलेली उडी हे होतं.

बर्डीच्या मागच्या गल्लीत त्यांचं टिनाचं गॅरेज होतं. ट्रक आला की बॉनेट उघडण्याआधी ते मागे जात, हात पाठीशी बांधून सायलेन्सरसमोर वाकत आणि धूर हुंगत. इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी जात असेल तर म्हणत, "उपाशी हाय." उलट असेल तर, "अजीर्ण हाय." मालक लोक वैद्याच्या तोंडाकडे बघावं तसे त्यांच्या तोंडाकडे बघत.

हवा कुठून चोरून शिरते हे शोधायचं असेल, तर ते पेटती उदबत्ती इंजिनाच्या सांध्यांवरून फिरवत. जिथे धूर आत ओढला जाई, तिथे फट. पेट्रोलजवळ विस्तव नेण्याचा हा प्रकार मी रस्त्यापलीकडून बघत असे. ड्रायव्हर मात्र चपला काढून हात जोडत. काका त्यांना अडवत नसत. "हात जोडले तं मधात येत नाही," ते म्हणत.

माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, लष्करी लिलावातला जुना पेट्रोल ट्रक खाप्याकडून संत्री आणत असे. एका वर्षी ऐन हंगामात तो चढावर खोकू लागला. आठवड्यात सुधारला नाही तर ट्रक भंगारात देऊन दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हरकी करायची, असं दादानं ठरवलं होतं.

काकांनी हुंगलं. "उपाशी हाय." कार्बोरेटरचं पेट्रोल वाढवलं, पुन्हा हुंगलं. "अजून उपाशीच." तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी मागून असा काळा धूर निघाला की समोरच्या धोब्यानं दोरीवरचे कपडे काढून घेतले.

"काका, आता तं अजीर्ण वाटून राहिलं," दादा म्हणाला.

"नाक तुहं हाय का माहं?"

तेवढ्यात काकू डबा घेऊन आल्या. धूर बघून त्यांनी नाकाला पदर लावला. "यायचं काय ऐकून राहिला गा," त्या दादाला म्हणाल्या. "सोमवारपासून सर्दी हाय यायले. काल चुलीवर वांगे जयून कोयसा झाले, अन् हे बाजूले बसून पेपर वाचून राहिले होते."

काकांनी पाना उचलला. त्यांनी प्लग काढला. चहाच्या रंगाचा असायला हवा होता, तो काजळासारखा निघाला. तो फडक्यानं पुसत ते म्हणाले, "इंजिनाची चूक नाही." याहून मोठी माफी त्यांच्याकडून कुणी ऐकलेली नाही. वाढवलेलं पेट्रोल त्यांनी मूळ जागी आणलं आणि उदबत्ती पेटवली. इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या, मॅनिफोल्डच्या, फाटक्या पॅकिंगपाशी धूर झर्रकन आत वळला. नवं पॅकिंग बसलं, दुपारी दादा खाप्याला गेला आणि संध्याकाळी ट्रक संत्री भरून, न खोकता परत आला. तो ट्रक आणखी पाच हंगाम दादाचाच राहिला.

पुढे काका गेले, तेव्हा ट्रकवाल्यांनी शोकसभा घेतली. असं नाक पुन्हा होणे नाही, असं एका पुढाऱ्यानं गहिवरून सांगितलं. पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या. दादाच्या ट्रकच्या वेळच्या सर्दीनंतर काकांना वास असा कधी आलाच नाही. पुढची अकरा वर्षं गॅरेजमधला प्रत्येक ट्रक, डबा ठेवून झाला की, काकूच हुंगत असत.