दिगूभाऊचा मांजरपाटाचा तंबू

तार आली तेव्हा मी जळगावला, पिंप्राळ्यातल्या आमच्या खोलीत, सायक्लोस्टाइलच्या शाईने बरबटलेले हात रॉकेलच्या चिंधीने पुसत होते. 'दिगंबर गंभीर, ताबडतोब या,' एवढंच तारेत होतं. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. पण तीन दिवसांपूर्वी, शनिवारी संध्याकाळी, भर माघात आभाळ फाटल्यासारख्या गारा पडल्या होत्या, आणि शनिवारी दिगूभाऊ कुठे असतो हे मला माहीत होतं. धुळ्याच्या एसटीत बसले, पारोळं मागे पडलं, तरी माझ्या मनात एकच प्रश्न घोळत होता : कापड टिकलं असेल का? माणूस जगेल का, हा प्रश्न नव्हे. कापड टिकलं असेल का... आज सात आठवडे झाले. त्या प्रश्नाची लाज अजून उतरलेली नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

दिगूभाऊ माझा मावसभाऊ. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. धुळ्याला देवपुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवायचा. त्याच्या वर्गात भिंतभर एक नकाशा होता, त्याने स्वतः काढलेला, सातपुड्याच्या पायवाटांचा. सरकारी नकाशात नसलेल्या वाटा, मेमध्येही न आटणारे झरे, कुठल्या खिंडीतून लाकडाची मोळी घेऊन बाया उतरतात, ते सगळं त्यात होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तो एसटीने डोंगराच्या पायथ्याला जायचा, एक रात्र वर काढायचा आणि सोमवारी नकाशात बोटभर रेघ वाढवायचा. नेहमी एकटा. मी एकदा बरोबर येते म्हटलं तर म्हणाला, "दोघं असली की एकमेकांना धीर देत बसतात. डोंगराकडे कुणीच बघत नाही." आणि पाड्यावर कुणाच्या घरी तो मुक्काम करत नसे. कारण विचारलं तर सरळ सांगायचा, "गुरुजी आला म्हणून ते कोंबडी कापतात. घरात ती एकच असते, सुमे. मी एक रात्र झोपायचं आणि त्यांची अंडी बंद करायची, हा कुठला न्याय?"

म्हणजे आपलं छप्पर आपल्या पाठीवर हवं. आणि ते हलकं हवं, कारण पाणी, भाकरी, होकायंत्र, वह्या, सगळंच वर चढवायचं. या हलक्या छपराच्या मागे तो दोन वर्षं होता. एकेका सुट्टीत मावशीच्या अंगणात त्याचं प्रदर्शनच मांडलेलं असायचं. शाळेच्या बालवीर पथकाचा कॅनव्हासचा तंबू : लोखंडी खुंट्या आणि खांब धरून नऊ किलो, त्याला उचलायला आधी पथक हवं. गाडीवानांची ताडपत्री : पाणी थेंबभर येणार नाही, पण घडी घातली तर पोत्याएवढी. खताच्या गोणीतलं प्लॅस्टिक जोडून केलेला तुकडा तर फुलासारखा हलका. पण त्याखाली झोपलं की पहाटे आतूनच घाम गळतो आणि वारा सुटला की चरचर फाटतं. घोंगडी त्याने ओली करून काट्याला लावली होती, काटा खाली गेला तो वर येईना. मावशी उंबऱ्यात बसून हे पाहायची.

"घर शे ना तुले? मंग भाईर झोपानी इतली हौस कसाले?"

"माय, घर शे म्हनीसन तर भाईर झोपाले मजा येस," तो म्हणायचा, आणि ओल्या घोंगडीखालून हात काढून चहा मागायचा.

मग गेल्या पावसाळ्याआधी त्याला हवी ती वस्तू सापडली. धुळ्याच्या जुन्या बाजारात, लढाईनंतर कुठून कुठून आलेल्या मालात, एक फौजी बरसाती. नायलॉनचं कापड, आतून रबर चढवलेलं, कडेला बटणं. अंगावर घेतली तर रेनकोट, काठीवर ताणली तर एका माणसाचा तंबू. वजन किलोभर. मी आले त्या रविवारी त्याने ती अंगणात ताणली, वर दोन घागरी ओतल्या आणि खाली आडवा होऊन त्या दिवशीचं वर्तमानपत्र वाचून दाखवलं. कागदाला थेंब लागला नाही. तो इतका आनंदात मी क्वचित पाहिला असेल. "पत्रकबाई," मला तो याच नावाने चिडवायचा, "लिहा आता. मानवजातीचा निवाऱ्याचा प्रश्न सुटला."

मी मात्र त्या कापडाच्या कोपऱ्यावर रंगवलेला पांढरा नंबर वाचत होते. नंबराच्या वर, खांद्याच्या जागी, रुपयाएवढं एक ठिगळ होतं, बारीक टाक्यांनी बसवलेलं.

मी कुठल्या घरात वाढले हे सांगायला हवं. आमच्या भिंतीवर देवाच्या तसबिरी नव्हत्या. वडील गिरणीत होते आणि घरी येताना खिशातून पत्रकं आणायचे. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. 'का?' आणि 'कुणाच्या फायद्यासाठी?' हे दोन प्रश्न मला बाराखडीबरोबर शिकवले गेले. आपण काय खातो, काय नेसतो, कशावर बसतो त्या प्रत्येक वस्तूला ते विचारायचे. दिगूभाऊ आमच्याकडे येऊन ते ऐकत मोठा झाला होता. म्हणून तर त्याला कोंबडी दिसायची.

"हे ठिगळ बघितलंस?" मी म्हटलं.

"बघितलं."

"हे कुणाच्या तरी अंगावरून काढलंय, भाऊ. बाजारात विकलंय. आणि तू त्याच्याखाली झोपून म्हणणार, छान, कोरडं आहे."

"सुमे, कापडाने कुणाला मारलं नाही. कापड पाणी अडवतं."

"लढाई झाली की तिचा माल स्वस्त मिळतो आणि आपण सगळे थोडे थोडे तिचे गिऱ्हाईक होतो. पोरांना वर्गात काय सांगशील?"

तो बरसातीच्या कडेची बटणं चाचपत राहिला. मी मात्र तासभर बोलले. त्यातलं सगळं आठवतं, कारण मी चांगलं बोलले होते. शेवटी त्याने बटणं सोडली, बरसातीची घडी घातली आणि म्हणाला, "तुझं बरोबर आहे." संध्याकाळी ती दुकानात परत गेली. जळगावला परतताना एसटीत मी अगदी खूश होते.

त्यानंतर त्याने स्वतःचा तंबू केला. साधं मांजरपाट आणलं, मावशीच्या मशीनवर शिवलं, शिवणींवर मेण फिरवलं आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन हात देऊन महिनाभर गच्चीवर वाळवलं. आपल्या शेतातला कापूस, आपल्या शेतातलं जवस. पावणेदोन किलो. मी आमच्या मासिक पत्रकात अर्धं पान त्याच्यावर लिहिलं. 'युद्धाच्या कापडाखाली न झोपणारा शिक्षक', हा मथळा मी दिला होता. मंडळींनी तो अंक हातोहात वाटला. पावसाळ्यात शाळेची कामं निघाली, डोंगर बंद राहिला. दिवाळीनंतर तो पुन्हा जाऊ लागला. कोरड्या रात्री, दव फक्त. पत्रात लिहायचा, 'तुझा तंबू उत्तम आहे.' माझा तंबू... मला तेव्हा ते आवडलं होतं.

त्या शनिवारचं मला गोमाने सांगितलं. गोमा डोंगरातल्या पाड्यावरचा. त्यानेच भाऊला सकाळी शोधलं, चार माणसं घेऊन खाटेवरून खाली आणलं आणि धुळ्याच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात तीन दिवस उकिडवा बसून राहिला. तो म्हणाला, "सांजेला आभाळ काळं झालं, तर मी वर गेलो. म्हटलं, गुरुजी, खाली चला, आमच्या घरी. ते हसले. म्हणाले, माझं घर माझ्याबरोबर आहे. मी कोंबडीचं काही बोललो नव्हतो. पण ते म्हणाले, कोंबडीला सांग, निवांत झोप." मग गारा आल्या, मागून रात्रभर पाऊस. सकाळी कापड अंगाला चिकटलेलं होतं आणि भाऊला बोलता येत नव्हतं, एवढा काकडला होता.

मी पोचले तेव्हा त्याला बोलता येत होतं. छातीत घरघर होती, डोळे तापाने चकाकत होते. मला पाहून त्याने उशीखालची वही दाखवली. "लिहून घे. पाणी कुठून शिरलं ते कळलं. शिवणीतून. मेण कमी पडलं... शिवण माझी होती." दम घेत, थांबत थांबत तो सांगत होता. "पुढच्या खेपेला दुहेरी घालायची. दोन बोटं दुमडून." मी लिहून घेतलं. तारीख घातली. आणि खरं सांगते, मला थोडं हायसं वाटलं. शिवण चुकली होती. कापड नाही. चार दिवसांनी, शनिवारीच, तो गेला.

शाळेत शोकसभा झाली. मुख्याध्यापकांनी माझं ते पत्रक वाचून दाखवलं. तत्त्वासाठी जगलेला माणूस, असं तीन वक्ते म्हणाले. एक वृद्ध शिक्षक माझ्याजवळ येऊन डोळे पुसत म्हणाले, "तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं, आमच्यात केवढा माणूस होता." मी मान हलवली. नमस्कार केला. त्या क्षणी मी बोलू शकत होते. माइक चालू होता.

पंधरा दिवसांनी मावशीकडे गेले, तेव्हा ती बाजाराला गेली होती. तंबू गच्चीवरच्या दोरीवर होता. का कोण जाणे, मी तो अंगणात आणला, चारही कोपरे खिडकीला आणि कडुनिंबाला बांधले आणि त्याने ओतल्या होत्या तशा घागरी ओतल्या. मग खाली शिरून वर पाहत पडले. शिवणी मी बोटांनी चाचपल्या. मेण जिथल्या तिथे होतं. शिवणी कोरड्या होत्या. एकही टाका गळत नव्हता. पाचेक मिनिटांनी मधलं कापड काळवंडायला लागलं, आधी कवडीएवढं, मग पळीएवढं, आणि जिथे माझा गुडघा टेकला होता तिथून पाण्याची धार माझ्या पायावर उतरली. मग सगळीकडूनच. एखाद्या भोकातून नव्हे, अंग घामेजावं तसं कापडच गळत होतं. भूगोलाचा मास्तर. पाणी कुठून येतं हे शोधण्यात आयुष्य गेलेला. रात्रभर त्या कापडाखाली पडून त्याला शिवण आणि कापड यांतला फरक कळला नसेल?

मी ओल्या कपड्यांनी जुन्या बाजारात गेले. त्या दुकानदाराला बरसातीचं विचारलं. "ती तर तेव्हाच गेली, ताई. एका मेंढपाळाने नेली," तो म्हणाला. मग माझा चेहरा पाहून समजुतीच्या सुरात, "दुसरी येईल की. लढाया काय थांबतात?"

युद्धाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. त्या ठिगळाखाली कुणाचा तरी खांदा होता, हे मी आजही म्हणेन. पण मी ते दुसऱ्याच्या पाठीवर म्हटलं. मी डोंगरात झोपत नव्हते. मी जळगावला, कौलाखाली, कोरड्या अंथरुणात झोपत होते, आणि भिजायचं कुणी, हे मात्र मी ठरवलं. आमच्या पत्रकांत हा प्रश्न कधीच छापला गेला नाही. 'कुणाच्या फायद्यासाठी' एवढंच आम्ही विचारत आलो. आणि त्याने माझं तत्त्व पाठीवर घेतलं, वर नेलं, त्याच्याखाली भिजला आणि खाली येऊन दोष स्वतःच्या शिवणीवर टाकला. शोकसभेत त्याला तत्त्वनिष्ठ म्हटलं गेलं. तत्त्व माझं होतं. निष्ठा त्याची होती, आणि ती तत्त्वावर नसावी, एका हट्टी बहिणीवर असावी, असं मला आता वाटतं. अर्धं पान चुकीचं छापलं गेलं. ते दुरुस्त व्हावं म्हणून हे जाहीर लिहिते आहे.

मावशीला मी त्याच दिवशी सांगितलं. ती भाजीची पिशवी घेऊन दारात उभी होती, अंगणात चिखल झाला होता, तंबू झाडाला तसाच लटकत होता. मी सगळं सांगितलं. बरसाती, ठिगळ, माझं तासभर बोलणं, घागरी, कोरड्या शिवणी. तिने ऐकलं. मला वाटलं, ती रडेल, नाहीतर मला जवळ घेईल, नाहीतर हाकलून देईल. तिने पिशवी खाली ठेवली, तंबूची गाठ सोडली, त्याचं पाणी निथळू दिलं आणि नीट, टोकाला टोक जुळवून घडी घालायला लागली.

"हाई लई जा," ती म्हणाली. "मन्हा घरमा नको."

मी घडी घेतली. फाटकापर्यंत गेले तेव्हा तिने मागून हाक मारली. वळून पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, भाजी निवडायला बसली होती.

"आठ दिनमा एकदाव उघाडजो. नही ते चिकटी जास. तो उघाडे."

तेव्हापासून तंबू माझ्याकडे आहे, पिंप्राळ्याच्या खोलीत, ट्रंकेवर. जवसाचं तेल पुरतं सुकत नाही, जळगावच्या उन्हाळ्यात तर नाहीच. घड्या एकमेकींना धरून बसतात. दर रविवारी सकाळी मी दार लावून घेते आणि तो उघडते. एकेक घडी ओढून सोडवावी लागते. ओढली की आधी काही होत नाही, आणि मग ती अचानक, लांब, ओलसर आवाज करत सुटते... कुणी झोपेत कूस बदलावी तसा. मी हात थांबवते. थोडा वेळ ऐकते. मग पुढची घडी सोडवायला घेते.